रुग्णाचा चौथा गुण : कर्करोगाच्या उपचारांनंतर आयुर्वेदाचा आधार घेताना

आपल्या नात्यात किंवा ओळखीत कर्करोगाच्या उपचारांतून बाहेर आलेली एक तरी व्यक्ती असेल. कदाचित ती व्यक्ती आपण स्वतःच असाल. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपीची सगळी चक्रे पार पडली, रेडिएशन संपले आणि रुग्णालयाने ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या’ असे सांगून घरी पाठवले. घरचे देवासमोर दिवा लावतात, शेजारी पेढे मागतात. सगळ्यांना वाटते की संपले एकदाचे. ज्याच्यावर उपचार झाले, त्याला मात्र ठाऊक असते की संपलेले नाही. दोन जिने चढले की धाप लागते. जेवणाला चव नसते. पायाचे तळवे बधिर असतात. रात्री तीनला जाग येते आणि मानेत कुठे गाठ तर नाही ना, हे बोटे आपोआप चाचपू लागतात.

अशा व्यक्तीसाठी इंग्रजीत ‘सर्व्हायव्हर’ हा एक शब्द आहे. भाषांतराची सेवा करताना तो वारंवार समोर येतो आणि दर वेळी मी अडते. ‘वाचलेला’ म्हटले की अपघात आठवतो, ‘कर्करोगमुक्त’ म्हटले की डॉक्टरही जे छातीठोकपणे सांगत नाहीत ते आपण सांगून टाकतो. शेवटी मी ‘उपचारांतून बाहेर आलेली व्यक्ती’ असे लांबलचक लिहिते. लांब असले तरी ते खरे आहे.

याच काळात घरी सल्ल्यांचा पूर येतो. कुणी गुळवेलीची कांडी आणून देते, कुणी गव्हांकुरांचा रस सांगते, कुणी ‘हे घेतलेस ना, तर पुन्हा होणारच नाही’ असे म्हणत कॅप्सूलचा डबा हातात ठेवते. आयुर्वेदावर आपली श्रद्धा असते, देणाऱ्याच्या मनात प्रेम असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. म्हणून या लेखात एवढेच पाहू या की या काळात आयुर्वेद आपल्याला खरोखर काय देऊ शकतो, कुठे थांबतो, आणि त्याचा आधार घेताना आपल्याकडून कोणती चूक सर्वांत जास्त होते.

सुश्रुत शस्त्रक्रियेला घाबरत नव्हते

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू या. ‘आयुर्वेद म्हणजे चिरफाडीशिवाय बरे होणे’ असे अनेकांना वाटते. सुश्रुतसंहिता उघडली तर वेगळेच चित्र दिसते. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन आहे : गोल, स्थिर, मोठे, मंद वेदना असलेली, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गाठ. प्रत्येक अर्बुद म्हणजे आजचा कर्करोग असे म्हणता येणार नाही, पण ती वर्णने वाचताना आजच्या डॉक्टरांनाही ओळख पटते. एका अर्बुदाजवळ किंवा त्याच्याच जागी दुसरे अर्बुद उठते, याचीही तिथे नोंद आहे. चिकित्सास्थानात शस्त्राने अर्बुद काढताना अंशही मागे ठेवू नये, उरलेला अंश पुन्हा वाढतो आणि विझत न विझलेल्या आगीसारखा घात करतो, असा इशारा आहे. काही प्रकार तर त्यांनी सरळ असाध्य म्हणून सांगितले आहेत.

म्हणजे ज्या परंपरेचे नाव घेऊन लोक ‘ऑपरेशन नको, काढा घ्या’ म्हणतात, तिचा शल्यतंत्राचा आचार्य मात्र गाठ पूर्ण काढा असे बजावत होता. आजचा शल्यचिकित्सक गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतो, त्यामागची काळजी हीच आहे.

हे सांगण्याचे कारण जिवावरचे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली दोन अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्यात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही मान्य उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेले २८१ रुग्ण होते. मान्य उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. दुसरा अभ्यास आपल्याला अधिक लागू पडतो. त्यातले रुग्ण नेहमीच्या उपचारांसोबत पूरक उपचारही घेत होते. त्यांच्यातही धोका जवळजवळ दुप्पट निघाला, आणि त्याचे कारण शोधल्यावर असे दिसले की हे रुग्ण पुढची शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन किंवा हार्मोनची गोळी नाकारण्याचे प्रमाण जास्त होते. हा अभ्यास आयुर्वेदाचा नव्हता, सर्व प्रकारच्या पूरक उपचारांचा मिळून होता. पण ‘मी सोबत काढाही घेतो आहे’ या समाधानात एखादा आवश्यक उपचार हातातून निसटतो, तो धोका आपल्या घरातही तेवढाच आहे.

आणखी एक गोष्ट. आमच्या व्यवसाय कायद्याच्या तासाला जाहिरातींचे नियम शिकताना कळले की भारतात १९५४ पासून औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. त्याच्या यादीत कर्करोगाचे नाव आहे. ‘आमच्या औषधाने कर्करोग बरा होतो’ अशी जाहिरात करणे बेकायदा आहे, मग औषध कोणत्याही पद्धतीचे असो. पुढच्या वेळी मोबाइलवर असा संदेश आला तर पुढे पाठवण्याआधी हे आठवा.

अग्नी : जिथे आयुर्वेदाला खरोखर सांगण्यासारखे आहे

आता देण्याची बाजू. माझ्या मते या काळातल्या माणसासाठी आयुर्वेदाची सर्वांत मोलाची देणगी कोणतीही वनस्पती नाही. ती आहे अग्नीचा विचार.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, वमन-विरेचनासारख्या शोधनाने शरीर रिकामे आणि थकलेले झाल्यावर माणसाला पुन्हा जेवणावर कसे आणावे, याचा क्रम दिला आहे. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. प्रथम पेया, मग विलेपी, मग मुगासारख्या धान्याचे कढण, आधी साधे आणि नंतर फोडणी-मीठ घातलेले, आणि त्यानंतर हळूहळू नेहमीचे जेवण. त्यासाठी चरकांनी चुलीचा दाखला दिला आहे. बारीकशा ठिणगीवर कुणी ओंडका ठेवत नाही. गवत, शेणी असे हलके काही घालत ती फुलवावी लागते, मग तीच आग काहीही पचवते.

केमोथेरपी म्हणजे शोधन नव्हे, हे स्पष्ट समजून घ्या. पण तिच्यानंतरच्या पोटाची अवस्था ठिणगीसारखीच असते. आपण काय करतो? ‘किती वाळलीस गं’ म्हणत पहिल्याच आठवड्यात साजूक तुपातला शिरा, बदाम, खारीक, डिंकाचे लाडू समोर मांडतो. दोन घासांत उमासे येतात, आणि मग आपणच म्हणतो की हिला काही जातच नाही. आपल्या आज्यांना हे न शिकवता ठाऊक होते. घरातली पेज म्हणजे त्या पेयेचेच रूप, आणि गुरगुट्या भात म्हणजे विलेपीचे. तांदूळ थोडा भाजून केलेली पातळ पेज, वर चिमूटभर जिरेपूड आणि सैंधव. ती पचली की मऊ भात आणि मुगाचे कढण. मग खिचडी. दिवसातून तीनदा भरपेट वाढण्यापेक्षा सहा वेळा वाटीभर द्यावे. तोंडात जखमा असतील तर लिंबू, चिंच, तिखट बाजूला ठेवावे आणि सगळे कोमट द्यावे.

मात्र पेजेवर महिनोन्‌महिने राहायचे नाही. झिजलेले स्नायू भरून यायला प्रथिने लागतात, म्हणून भूक उघडली की डाळी, दही, पनीर, आणि खात असाल तर अंडी-मासे यांकडे यायचे. क्रमाचा अर्थच पुढे सरकणे असा आहे. इथे उलट चूक करणारेही पुष्कळ आहेत. ‘साखर खाल्ली की कर्करोग वाढतो’, ‘दूध बंद’, ‘भात बंद’ असे करत करत ताटात काही उरतच नाही. आधीच आठ-दहा किलो वजन गमावलेल्या माणसाला उपाशी ठेवणे कुठल्याही पथ्यात बसत नाही. मधुमेह असेल तर साखरेचे बंधन वेगळे, ते त्या कारणासाठी पाळा.

तोंडाचा विषयही असाच. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कर्करोग फार. त्यासाठी रेडिएशन घेणाऱ्यांच्या तोंडात असे फोड येतात की पाणी गिळणे नकोसे होते. ज्येष्ठमध मधात कालवून तोंडात लावण्याने त्रास कमी होतो का, याचा अभ्यास जामनगरच्या आयुर्वेद विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केला. रुग्ण थोडे होते, तरी निष्कर्ष आशादायक होते. म्हणून तोंडात लावण्यापुरता हा उपाय डॉक्टरांना विचारून करण्यासारखा आहे. तोच ज्येष्ठमध रोज काढ्यातून महिनाभर पोटात गेला तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते. लावण्याचे औषध आणि गिळण्याचे औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभ्यंगाबद्दल थोडे. कोमट तिळाच्या तेलाने हलक्या हाताने पाय चोळले तर झोप चांगली लागते, यात शंका नाही. पण स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला जोराने मालीश करू नये, शेक-वाफ देऊ नये. तो हात सुजत असेल तर त्याचा मसाज फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा, कारण त्याची दिशा आणि दाब ठरलेला असतो. रेडिएशन झालेल्या त्वचेला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही लावू नये. आणि तळवे बधिर असतील तर तेल किती गरम आहे हे दुसऱ्याने हात लावून पाहावे. बधिर पायाला भाजलेले कळत नाही, आणि भाजलेली जखम या दिवसांत लवकर भरत नाही. पंचकर्माची ओढ असेल तर एवढेच लक्षात घ्या की कृश आणि दुर्बल माणसाला वमन-विरेचन देऊ नये हे चरकांचेच सांगणे आहे.

मावशीची हिरवी फाइल

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. मावशी आमच्याजवळच, इंदूरला राहते. तिला स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन असे सगळे झाले, आणि पुढे रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली. ही गोळी साधारणपणे पाच वर्षे, काहींना दहा वर्षे घ्यावी लागते. मावशीच्या सगळ्या कागदांची हिरवी फाइल माझ्याकडे होती, कारण घरात ‘कॉमर्सवाली’ मी.

तिसऱ्या वर्षी एका तपासणीत तिच्या यकृताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, आणखी कोणती औषधे चालू आहेत का? मावशीने मान हलवली : नाही. मी शेजारी बसले होते. तिच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलचा डबा होता, त्यावर ‘काळी मिरीसह’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले. शेजारी अश्वगंधाचे चूर्ण. मला दोन्ही माहीत होते, आणि मी गप्प राहिले.

रिक्षात बसल्यावर मी विचारले तर ती म्हणाली, “अगं, मी खोटं कुठे बोलले? त्यांनी औषधं विचारली. ही काय औषधं आहेत का? हळद आहे ती.” थोड्या वेळाने खरे कारण निघाले. पहिल्या वर्षी तिने एका डॉक्टरांना गुळवेलीबद्दल विचारले होते. त्यांनी कागदावरून मान वर न करता ‘हे सगळं बंद करा’ असे फटकन सांगितले होते, बाहेर रांगेतल्या लोकांनाही ऐकू जाईल असे. तेव्हाच तिने ठरवून टाकले होते की पुन्हा विचारायचे नाही. घ्यायचे नाही, असे काही तिने ठरवले नव्हते.

त्या रात्री मी दोन कागद शेजारी ठेवले. एकावर रुग्णालयाची औषधे, दुसऱ्यावर वैद्यांची आणि शेजारणीने दिलेली. दोन वह्या, आणि एकीतली एकही नोंद दुसरीत नाही. असा हिशेब आमच्या सरांनी माझ्या तोंडावर फेकला असता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा गेलो आणि दुसरा कागद डॉक्टरांसमोर ठेवला. ते रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही गोष्टी थांबवायला सांगितल्या आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले. आकडे खाली आले होते. नेमके कशामुळे वाढले होते हे आता सांगता येणार नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग आम्ही तीच हिरवी फाइल वैद्यांकडे नेली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, “ही गोळी चालू आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.” खरे होते. त्यांनी विचारलेही नव्हते.

हळद आणि हळदीची कॅप्सूल

मावशीचे वाक्य, ‘हळद आहे ती’, आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. म्हणून जरा आकडेमोड करू या. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हा घटक साधारण ३ टक्क्यांच्या आसपास असतो. भाजीत घातलेली पाव चमचा हळद चार माणसांत वाटली जाते, म्हणजे एकाच्या वाट्याला काही मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. अर्काच्या एका कॅप्सूलमध्ये मात्र कित्येक शे मिलिग्रॅम असते. त्यात भर म्हणजे मिरीतला पायपरिन. कर्क्युमिन एरवी शरीरात फारसे शोषले जात नाही, ते शोषले जावे म्हणून पायपरिन घालतात. पण पायपरिन हे काम यकृतातल्या औषधे मोडणाऱ्या यंत्रणेला अडवून करते, आणि ती यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते. आपल्या इतर गोळ्याही तिथूनच जातात.

टॅमॉक्सिफेनची गोष्ट तर अशी आहे की तिचे मुख्य कार्यकारी रूप, एंडॉक्सिफेन, यकृतातच तयार होते. नेदरलँड्समध्ये २०१९ साली १६ रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेनसोबत मोठ्या मात्रेत कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तातले एंडॉक्सिफेन घटले, आणि पायपरिनची जोड दिल्यावर आणखी घटले. घट फार मोठी नव्हती. तरी ज्या गोळीवर पुन्हा आजार न होण्याची भिस्त आहे, तिचेच बळ कमी करणारी वस्तू आपण ‘पुन्हा होऊ नये म्हणून’ घेतो आहोत, हे मावशीला समजावताना मला जड गेले. स्वयंपाकातली हळद मात्र खुशाल चालू ठेवा, त्या अभ्यासाचा वरण-भाजीशी संबंध नाही.

अश्वगंधाबद्दल चांगलेही सांगण्यासारखे आहे. मलेशियात केमोथेरपी घेणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या १०० रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात अश्वगंधा घेणाऱ्यांना थकवा कमी जाणवला. पण कोण काय घेते आहे हे सगळ्यांना माहीत होते, आणि थकवा ही सांगण्यावर अवलंबून असणारी गोष्ट आहे, म्हणून त्याला शेवटचा शब्द मानता येत नाही. दुसरीकडे अश्वगंधाने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, आणि त्याने थायरॉइडचे हार्मोन वाढू शकते. थायरॉइडच्या कर्करोगानंतर ज्यांच्या गोळीची मात्रा अगदी मोजून ठरवलेली असते, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. गुळवेलीबाबत २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी यकृताच्या आजाराचे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने गुळवेलीची बाजू घेतली आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरू नये असेही पुढे सांगितले. वाद कोणाच्या बाजूने सुटायचा तो सुटो. अंगणातली वेल तीच आहे की तिची बहीण, हे आपल्याला ओळखता येते का, हा प्रश्न आपल्यापुरता उरतोच.

‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे शब्दही जपून ऐका. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे मुद्दाम दिलेली असतात. तिथे ती वाढवणे म्हणजे डॉक्टरांनी लावलेला ब्रेक आपण काढणे. शतावरीचे काही घटक स्त्री-हार्मोनसारखे वागू शकतात, म्हणून हार्मोनशी जोडलेल्या कर्करोगानंतर ती आपल्या मनाने सुरू करू नये. आणि भस्मे. अमेरिकेत बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शास्त्रोक्त भस्म वेगळे, असे जाणकार वैद्य म्हणतात, आणि त्यांचा तो मुद्दा मी नाकारत नाही. पण केमोथेरपीतल्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने ज्यांचे मूत्रपिंड आधीच दमले आहे, त्यांनी पुडीवर नाव नसलेले काहीही पोटात घालू नये.

मनाचा भाग

चरकांनी चिकित्सेचे तीन प्रकार मानले आहेत, त्यातला एक सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकारक विषयांपासून आवरणे. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ज्याची झोप उडते, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. प्राणायाम, नामस्मरण, ध्यान यांची एक जमेची बाजू अशी की त्यांची यकृतात कोणत्याही गोळीशी टक्कर होत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाचा मोठा अभ्यास केला आणि २०२२ साली त्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष मांडले. त्यातला योग पूर्ण उपचारांच्या जोडीला होता, शरीराला झेपेल असा सौम्य होता आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली होता. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याने सुरुवातीलाच कपालभाती करू नये, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती आपल्यासारख्या अध्यात्माच्या वाटेवरच्या लोकांकडून जास्त होते. ‘मनात राग साठवलास म्हणून झाले’, ‘पूर्वकर्माचा भोग आहे’ असे कृपा करून आजारी माणसाला म्हणू नका. मावशीला हे तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितले, तिघेही प्रेमाने. केसांपेक्षा त्याचे दुःख तिला जास्त झाले, असे ती एकदा म्हणाली.

चौथा गुण

चरकांनी चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. प्रत्येकाचे चार गुण. वैद्याने कसे असावे यावर आपण खूप बोलतो, रुग्णाचे गुण कुणी वाचत नाही. ते असे आहेत : स्मृती, सांगितलेले पाळणे, निर्भयपणा, आणि चौथा ज्ञापकत्व. ज्ञापकत्व म्हणजे आपल्या आजाराविषयी वैद्याला नीट सांगता येणे. हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने ‘सांगणे’ हा रुग्णाचा गुण मानला आहे, आणि आपण आयुर्वेदाचे औषध घेताना नेमके तेच लपवतो.

तिसरा आणि चौथा गुण लागूनच आले आहेत, हे मला नंतर जाणवले. सांगायला धीर लागतो. मावशीला तो एका फटकाऱ्याने गमवावा लागला होता. म्हणून आपण परिचारक असाल, तर तिच्या बाजूने आपण बोला. मी त्या दिवशी बोलले नाही.

करायचे ते फार थोडे आहे. एक साधी वही घ्या. डाव्या पानावर रुग्णालयाची सगळी औषधे, मात्रेसह. उजव्या पानावर बाकीचे सगळे : चूर्ण, काढा, कॅप्सूल, रस, आसव, कुणी दिलेला अंगारा पाण्यातून घेत असाल तर तोही. कधी सुरू केले, किती, कुणी दिले. डब्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण डॉक्टरांना ‘ती हिरव्या झाकणाची’ कळत नाही. वैद्य निवडताना आयुर्वेदाची रीतसर पदवी आणि नोंदणी असलेले निवडा, आणि पहिल्याच भेटीत रुग्णालयाची फाइल त्यांच्या हातात द्या. ती न पाहता जे औषध लिहितील, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका. जे ‘ती गोळी बंद करा’ म्हणतील, त्यांच्याकडून तर लगेच उठा. डॉक्टरांना विचारताना ‘आयुर्वेद घेऊ का?’ असे मोघम विचारू नका, त्याचे उत्तर मोघमच येणार. ‘हे चूर्ण, इतके, अमुक गोळीसोबत चालेल का, आणि यकृताची तपासणी कधी करायची?’ असे विचारा. केमो किंवा रेडिएशन चालू असताना, शस्त्रक्रियेच्या आधी, रक्त पातळ करणारी गोळी असताना किंवा पांढऱ्या पेशी-प्लेटलेट कमी असताना, विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर सगळी चूर्णे थांबवून त्याच दिवशी दाखवा.

मावशीची वही आता ती स्वतः लिहिते. डाव्या पानावर टॅमॉक्सिफेन आहे, रक्तदाबाची गोळी आहे. उजव्या पानावरचे बरेचसे खोडलेले आहे, समोर तारखा आहेत. वैद्यांनी शेवटी लिहून दिलेले तेवढे खाली उरले आहे : सकाळी मुगाचे कढण, रात्रीचे जेवण आठच्या आत, झोपताना तळपायांना तेल, संध्याकाळी वीस मिनिटे चालणे. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने वही उघडून टेबलावर सरकवली आणि ती पाण्याची बाटली शोधू लागली.